मालिका लिहितोय: निरीक्षणगृहातली पोरं आणि फुटबॉल. कोल्हापूरकरांनो, चुका काढा

करवीरकाठ

मंडळी नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

एका निर्मात्यानं आठ भागांच्या मालिकेची रूपरेषा मागितली आहे. विषय त्यांचा: गुन्ह्यात अडकलेली पोरं खेळामुळं मार्गाला लागतात. गाव मी सुचवलं, अर्थातच आपलं. गोष्ट अशी. सद्या, वय १६, पेठेत वाढलेला. सामना सुटल्यावर चौकात भांडण होतं, सद्या समोरच्याच्या डोक्यात फरशीचा तुकडा घालतो. एक रात्र पोलीस कोठडी, दुसऱ्या दिवशी कोर्ट, सद्या पिंजऱ्यात, समोर उंचावर न्यायाधीश. रवानगी बालसुधारगृहात. तिथं एक माजी खेळाडू शिकवायला येतो, आधी पोरं त्याची टर उडवतात, मग संघ उभा राहतो. शेवटचा भाग शाहू स्टेडियमवर. गॅलरी गच्च, ८९वं मिनिट, सद्याचा गोल.

अडचण १: निर्मात्याला फुटबॉल नको, कुस्ती हवी आहे. "कोल्हापूर म्हटलं की लाल माती," असं ते म्हणतात.
अडचण २: कायद्यातलं मला फारसं कळत नाही.
अडचण ३: आत काय असतं ते मी पाहिलेलं नाही.

खर्डा रविवारी द्यायचाय. मोकळेपणानं झोडा.

तांबडा_पांढरा

पहिल्यांदा निर्मात्याला सांग, लाल नव्हे, तांबडी माती. लाल म्हणतोय म्हणजे तो पुण्याच्या अलीकडं कधी आलेला नाही.

फुटबॉलच घे भावा. सोळा वर्षांचं पेठेतलं पोरगं आज हौद्यात उतरत नाही, ते गल्लीत चेंडू मारतं. आणि गंमत बघ, आपल्याकडं संघांची नावंच तालमींची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नाव तालमीचं, खेळ फुटबॉलचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपलाच की. निर्मात्याला एकदा पाटाकडील-शिवाजी सामन्याला आणून बसव. परत कुस्तीचं नाव काढणार नाही.

वकीलवहिनी

करवीरकाठ, राग मानू नका, पण तुमचा पहिला भाग कायद्यानं उभाच राहत नाही. मी बाल न्याय मंडळापुढं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

'बालसुधारगृह' हा शब्द वर्तमानपत्रांचा. चौकशी चालू असताना मूल ठेवतात ते निरीक्षणगृह. चौकशी संपून आदेश झाल्यावर, गरज पडली तर, विशेष गृह. आणि 'बालगुन्हेगार' तर लिहूच नका. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात शब्द आहे विधिसंघर्षग्रस्त बालक. जिभेला जड आहे, मान्य. पण 'आरोपी', 'अटक', 'शिक्षा' हे शब्द मुलाला चिकटू नयेत हे त्या कायद्याच्या तत्त्वांतच घातलेलं आहे.

कोठडीची रात्र कापा. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. २४ तासांच्या आत मंडळापुढं न्यावं लागतं. बेड्या नाहीत. पोलीस साध्या कपड्यांत असायला हवेत. प्रत्यक्षात सगळीकडं पाळतात का, तो वेगळा विषय. तुम्ही 'पाळलं नाही' असं दाखवणार असाल तर जरूर दाखवा, पण ती चूक आहे हे पात्रांपैकी कुणाला तरी ठाऊक असू द्या. नाहीतर प्रेक्षक तेच नियम समजतील.

पिंजराही कापा. मंडळ तीन जणांचं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्या दोघांत किमान एक बाई. नियमानुसार बैठक निरीक्षणगृहाच्या आवारात किंवा जवळपास, नेहमीच्या कोर्टाच्या इमारतीत नाही. उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. टेबल, खुर्च्या, आणि समोर आई-बाप. आता माझं ऐका, हे सिनेमातल्या कोर्टापेक्षा जास्त अंगावर येतं. मूल त्या टेबलाच्या इतकं जवळ असतं की मॅडमच्या चहाचा वास त्याला येतो. एका मुलानं मला बाहेर आल्यावर पहिलं काय विचारलं माहीत आहे? "मॅडम बिस्किट बुडवून खात होत्या, मग चिडलेल्या नसतील ना?"

आता तुमच्या मूळ गोष्टीवर घाव घालते. या कायद्यात जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. मुलाला वाईट संगतीत किंवा धोक्यात सोडल्यासारखं होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, अशी कारणं असली तरच नाकारतात. त्यामुळं बरीच मुलं निरीक्षणगृहात थोडे दिवसच असतात. तुमच्या प्रशिक्षकाला संघ मिळणारच नाही! सोमवारी अकरा पोरं असतील, शुक्रवारी सात, पुढच्या सोमवारी त्यातली चार नवीन.

आणि शाहू स्टेडियम तर विसराच. कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देता येत नाही. निरीक्षणगृहाचा संघ भरल्या गॅलरीपुढं उतरला, चौकात मोबाइलवर लाइव्ह दिसला, की झालाच भंग.

करवीरकाठ

वहिनी, चार दिवसांचं काम तुम्ही चार मिनिटांत पाण्यात बुडवलंत. पण "सोमवारी अकरा, शुक्रवारी सात" हे मला मिळालं, ते मी सोडणार नाही. एक शंका: सद्या सोळाचा आहे, मग त्याला मोठ्यांसारखं चालवत नाहीत का?

वकीलवहिनी

ती तरतूद १६ ते १८ वयासाठी आणि 'घोर' अपराधांसाठी, म्हणजे ज्यात किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे. तेव्हाही मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, घटना कशी घडली. फरशीच्या तुकड्यानं माणूस जखमी झाला नि वाचला, तर तुमचा सद्या तिथं जाणार नाही. बाकी मुलांसाठी मंडळ काय काय करू शकतं ते बघा: समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, सामाजिक सेवा, परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली घरी सोडणं. आणि अगदी शेवटी विशेष गृह, तेही जास्तीत जास्त ३ वर्षं.

परिवीक्षा अधिकारी हे पात्र तुम्ही घेतलंच नाहीत. तो मुलाच्या घरी जातो, शेजारी विचारतो, शाळेत विचारतो आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. मालिका खरी त्याची आहे.

गॅलरीतला

सगळ्यांना फुटबॉलचं कौतुक, म्हणून जरा उलटं लिहितो. खेळानं पोरं सुधारतात म्हणे. अहो, कोल्हापुरात कित्येक पोरांवर पहिला गुन्हा दाखल होतो तो फुटबॉलपायीच. सामना सुटला की दगड, बाटल्या, गाड्यांच्या काचा. कुठल्या तालमीचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. मी चाळीस वर्षं गॅलरीत बसतोय. मैदानातला खेळाडू एकमेकाला हात देऊन उठवतो आणि वर गॅलरीत त्याच्या नावानं दुसऱ्याचं डोकं फुटतं. तुझा सद्या खेळतो कुठं? तो समर्थक आहे. ज्या खेळानं आत घातला त्याच खेळानं बाहेर काढणार? औषध नि रोग एकच?

तांबडा_पांढरा

काका, गॅलरीतली चार टाळकी म्हणजे फुटबॉल नव्हे.

गॅलरीतला

चार टाळकी मोजायला तू कधी पूर्वेच्या बाजूला बसलायस का?

तांबडा_पांढरा

बसलोय. मध्यंतरात भडंगही खाल्लंय, तुमच्याच पुडीतलं असेल.

रंकाळ्यावरचा

भडंग जयसिंगपूरचं. चालू द्या.

चावडीप्रमुख

भडंगाचा धागा वेगळा आहे. इथं विषयावर राहा.

हौदा

कुस्तीला एवढं झटकून टाकू नका राव. खासबागचं मैदान महाराजांनी १९१२ ला बांधलं ते काय सेल्फी काढायला? मी मोठा पैलवान नाही, पण आठ वर्षं तालमीत राहिलोय. तिथं पाहिलेलं एक सांगतो.

आमच्या वस्तादांकडं एकदा एक साहेब एका पोराला घेऊन आले. पंधरा-सोळाचा असेल. चोरीची भानगड होती एवढंच आम्हाला कळलं. वस्तादांनी त्याला काय केलंस, का केलंस, काही विचारलं नाही. विचारलं, "पहाटे चारला उठतोस काय?" पोरगं म्हणालं, व्हय. "मग उद्यापासून माती उकरायची."

महिनाभर त्याला लांग लावू दिली नाही. रोज पहाटे आमच्या आधी हौद्यात उतरायचं, खोऱ्यानं माती खालवर करायची, खडा लागला तर वेचायचा. ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, पाठीचा काटा ढिला होतो. माती तेल, ताक, हळद पिऊन जड झालेली असते. महिन्यानं वस्तादांनी काय केलं असेल? जोड दिली नाही. तालमीची किल्ली दिली. चोरीचं पोरगं, आणि त्याच्या करगोट्याला तालमीची किल्ली. आमच्यातले दोघे कुरकुरले, आत आमच्या ट्रंका होत्या. वस्ताद म्हणाले, "तुमच्या ट्रंकंत काय हाय रं, लंगोट?"

शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहारेकरी केलं. वस्ताद तिसरी नापास होते, त्यांनी हे वाचलेलं नव्हतं. या मातीत असेल तेवढंच.

पण सगळं खरं सांगायचं तर पोरगं टिकलं नाही. अकरा महिन्यांनी गेलं. कारण गुन्हा नाही, खुराक. गंगावेशीतलं दूध फुकट मिळत नाही, बदाम त्याहून नाही. घरून दमडी येत नव्हती. वस्तादांनी चार महिने पदरचं घातलं, मग पोराला आपणच भार वाटायला लागला. जाताना किल्ली खुंटीला लावून गेलं. आता टेम्पो चालवतो, दिसला की हॉर्न मारतो. तुमच्या मालिकेत बसत नसेल हे, पण आहे असं आहे.

करवीरकाठ

हौदा, बसतं. कसं ते अजून कळलेलं नाही, पण बसतं.

ओसाकारिटर्न

मी मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, नऊ वर्षं जपानात नोकरी करून परत आलोय. तुमच्या निर्मात्याच्या डोक्यात जे आहे ते जपान्यांनी १९८४ मध्येच करून ठेवलंय. 'स्कूल वॉर्स' नावाची मालिका, २६ भाग, रग्बीवर. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे लोक अजून तिच्याबद्दल बोलताना हळवे होतात. आधार खऱ्या घटनेचा. क्योटोमधली फुशिमी नावाची तांत्रिक शाळा, दांडगाईसाठी बदनाम. तिथं राष्ट्रीय संघातून खेळलेला एक शिक्षक येतो. १९७५ मध्ये त्याचा संघ ११२-० असा हरला. चूक नाही, एकशे बारा शून्य. आणि १९८१ च्या जानेवारीत तीच शाळा देशातली विजेती.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ती पोरं शाळेतली होती, रोज त्याच मैदानावर येणारी. शिक्षकाला पाच-सहा वर्षं मिळाली. वहिनी म्हणतात तसं सोमवारी अकरा, शुक्रवारी सात नव्हतं. दुसरं, लोकांना आठवतो तो शेवटचा विजय नाही, एकशे बारा शून्यच आठवतो. जेवढी माणसं भेटली, सगळ्यांनी आधी तो पराभव सांगितला.

अजून एक ऐकीव नाही, नोंदलेलं: १९८६ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यात एका माणसानं रात्री उशिराचं बास्केटबॉल सुरू केलं. विचार साधा होता, पोरं ज्या वेळेला भानगडीत सापडतात त्याच वेळेला मैदान उघडं ठेवायचं. पुढं ते बऱ्याच शहरांत गेलं. गुन्हे कमी झाले ते त्यानंच का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तरी वेळेचा मुद्दा मला पटतो.

रंकाळ्यावरचा

एवढं लांब कशाला जायचं? आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंधच्या राजांनी कैद्यांची बिनभिंतीची वसाहत काढली होती, स्वातंत्र्याच्या आधी. शांतारामबापूंनी त्यावरच सहा कैद्यांचा सिनेमा काढला, १९५७ ला. त्यात चेंडू नव्हता, नांगर होता. आणि नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवलं. निर्माता विचारणारच, "आपल्याकडं असं कुठं होतं का?" तेव्हा उत्तर खिशात असू दे.

पीटीच्याबाई

मी सहसा लिहीत नाही. निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. एका निरीक्षणगृहात दोन वर्षं आठवड्यातून दोनदा मुलांना खेळवायला जात होते, मंगळवार-शुक्रवार, साडेचार ते सहा. कुठलं ते लिहीत नाही, जिल्हाही सांगत नाही. करवीरकाठ, तुम्ही आतलं वातावरण विचारलंत म्हणून.

मैदान नव्हतं. शहाबादी फरशीचं अंगण, एका बाजूला धुणं वाळत घातलेलं. गोलपोस्ट म्हणजे दोन बादल्या. मुलं अनवाणी, कारण कुणाकडं बूट नव्हते, आणि ज्याच्याकडं होते तो एकटा कसा घालणार? गोली फरशीवर झेप घेणार नाही. मी त्याला दोनदा ओरडले. मग एकजण हळूच म्हणाला, "बाई, त्याच्याकडं एकच चड्डी हाय, फाटली तर उद्या मंडळापुढं काय घालणार?" त्यानंतर मी कुणाला झेप घ्यायला सांगितलं नाही. चेंडू जमिनीवरूनच मारायचा असा नियम केला.

सहाला शिट्टी. शिट्टी झाली की ओळ, आणि मोजणी. पहिल्या दिवशी मी सवयीनं खेळ थांबवायला मध्येच शिट्टी मारली, तर सगळी मुलं चेंडू सोडून ओळीत उभी राहिली, हात मागं. मी शिट्टी पिशवीत टाकली ती परत काढली नाही. टाळी वाजवायचे.

एकदा चेंडू भिंतीपलीकडं गेला. एरवी गल्लीत चेंडू कुणाच्या अंगणात गेला की पोरं दंगा करतात, "तू आण, तू आण." इथं एकदम शांतता. पंधरा मुलं भिंतीकडं तोंड करून उभी. बराच वेळ गेला आणि बाहेरून कुणीतरी चेंडू परत फेकला. कोण ते दिसलं नाही. एक मुलगा ओरडला, "थँक्यू दादा!" पलीकडून आवाज आला, "खेळा खेळा." बस्स. त्या दिवशी मुलं मोजणी होईपर्यंत तेवढ्यावरच बोलत होती. तो दादा उंच असेल, तो पाटाकडीलचा असेल, तो डावखुरा असेल.

संघाचं वकीलवहिनी म्हणतात ते अगदी खरं. एक फार सुंदर पास देणारा मुलगा मिळाला होता. शुक्रवारी गेले तर त्याला जामीन झालेला. मला आधी काय वाटलं सांगू? वाईट वाटलं. माझा खेळाडू गेला म्हणून! घरी येताना स्वतःचीच लाज वाटली.

आणि एकानं जाता जाता विचारलं, "बाई, सुटल्यावर तुमच्याकडं खेळायला कुठं यायचं?" माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. मी निवृत्त, माझ्याकडं मैदान नाही, संघ नाही. "शाळेत जा," असं म्हणाले मी. दुसरं काही सुचलंच नाही. शाळेनं त्याचं नाव आधीच कमी केलेलं होतं.

वकीलवहिनी

बाई, कायद्यात संस्थेतल्या सोयींच्या यादीत खेळ लिहिलेला आहे, इतर सेवांच्या बरोबरीनं. बाहेर पडल्यावरच्या संध्याकाळींची यादी मात्र कुठं नाही.

गॅलरीतला

बाईंचं वाचून गप्प बसलो. माझा आधीचा प्रतिसाद मागं घेत नाही, पण गप्प बसलो.

डावाबॅक

नवीन आयडी हाय. जुन्या आयडीनं इथं चार वर्षं लिहितोय, तुमच्यातले दोघंतिघं मला भेटलेत पण. नाव विचारू नका.

मी आत होतो. सोळाचा होतो तवा. काय केलं ते सांगत नाही, आता ते कागदावरबी राहिलेलं नसंल.

आत खेळून कोण सुधारत नाही. आत वेळ जातो, एवढंच. वेळ जाणं बी लै मोठं असतंय, नाही म्हणत नाही. पण सुधारायचं काम बाहेर असतंय आणि ते सकाळी नसतंय. सकाळी आई असती, काम असतंय. संध्याकाळी सहा ते नऊ कुठं जायचं हा प्रश्न. जुनी पोरं चौकात वाट बघत असायची. घरात बसलं तर बाप बघायचा. बघायचा म्हणजे बोलायचा काय नाही, नुसता बघायचा.

मी आत जायच्या आधी लेफ्ट बॅक खेळायचो. आल्यावर आमच्या मैदानावर गेलो, तर पोरांनी खेळ थांबवला नाही पण मला घेतलंबी नाही. एकजण म्हणला, "तुला घेतलं की पोलीस येत्यात." त्याचं बी खरंच हुतं, एकदा आले हुते. मग मी रोज जाऊन कठड्यावर बसायचो. दोन महिनं बसलो असंल. सुधारायचा विचार नव्हता, घरी बसवत नव्हतं म्हणून.

एक दिवस पाऊस येणार हुता, पोरं कमी आली हुती. सहाला सहा खेळणार तर एक कमी. त्यांनी सगळीकडं बघितलं. दुसरं कोण नव्हतं. त्यातला मोठा म्हणला, "ये रं." बस. माझ्यावर दया केली नाही, मला संधी दिली नाही. एक कमी हुता.

सर आलं, भाषण झालं, डोळ्यात पाणी, असलं काय लिहू नका. मला कुणी 'तू सुधारशील' म्हणलं की मी लांब पळायचो. "एक कमी हाय, ये" म्हणलं तवा गेलो. दुसऱ्या दिवशीबी एक कमी असंल काय बघायला गेलो. आणि त्या पोरांनी ठरवलं असंल का काय माहीत नाही, पण पंधरा दिवस रोज एक कमीच असायचा.

तांबडा_पांढरा

…

हौदा

भावा, कधी तालमीकडं आलास तर दूध माझ्याकडून.

चावडीप्रमुख

डावाबॅक यांनी मैदानाचं नाव लिहिलं होतं, ते मी काढलं आहे. कुणीही ते कोण, कुठले, हे शोधायच्या भानगडीत पडू नये. व्यक्तिगत निरोपातही नको. तसं आढळलं तर आयडी जाईल.

ओसाकारिटर्न

करवीरकाठ, मागं मी वेळेचा मुद्दा पटतो म्हणालो होतो. अमेरिकेतलं उदाहरण कापून टाका. सहा ते नऊ पुरे.

करवीरकाठ

मंडळी, काल रात्री निर्मात्याशी बोललो. कोठडी गेली, पिंजरा गेला, शाहू स्टेडियम गेलं. "मग क्लायमॅक्स कुठाय?" हा प्रश्न अपेक्षित होता. म्हटलं, एक भाग लिहून देतो, वाचा, नाही आवडला तर माझे पैसे कापा. आठव्या भागाचा शेवट इथं टाकतोय.

> गांधी मैदान. संध्याकाळचे सहा. आभाळ भरलेलं. सद्या कठड्यावर, हातात कामावरचा डबा. पोरं दोन्हीकडं मोजतात. पाच आणि सहा. पुन्हा मोजतात. एक मोठा पोरगा कमरेवर हात ठेवून सगळीकडं बघतो. मैदानाच्या कडेला पेपर वाचणारे आजोबा, भेळवाला, एक कुत्रं. शेवटी नजर कठड्यावर.
> "ए. येतोस?"
> सद्या डबा कठड्यावर ठेवतो. उडी मारतो. डबा उचलून परत नीट, आतल्या बाजूला सरकवून ठेवतो. जातो.

प्रशिक्षकाचं पात्र ठेवलंय, पण पीटीच्या बाईंच्या परवानगीनं ते आता बाई आहे, शिट्टी पिशवीत ठेवणारी. हौदांची किल्ली पाचव्या भागात. परिवीक्षा अधिकारी पहिल्यापासून. चेंडू भिंतीपलीकडं जाण्याचा प्रसंग तिसऱ्या भागाचा शेवट, आणि चेंडू परत टाकणारा कोण ते शेवटपर्यंत दाखवायचं नाही.

पीटीच्याबाई

परवानगी आहे. फक्त तिला आदर्श करू नका. खेळाडू जामिनावर सुटला म्हणून तिला वाईट वाटतं, तेही घ्या.

वकीलवहिनी

कायद्याचं बरोबर आहे. त्या साहेबांना सांगा, शीर्षकात 'गुन्हेगार' शब्द आला तर मी या धाग्याची लिंक पाठवेन.

गॅलरीतला

गांधी मैदानात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतंय. आभाळ भरलेलं दाखवायचं तर मे अखेरीला उरकून घ्या, जूननंतर तिथं होडी लागेल.

तांबडा_पांढरा

काका पहिल्यांदा कामाचं बोलले.

डावाबॅक

शेवट वाचला. डब्याचं बरोबर हाय, मी बी असाच परत फिरून ठेवायचो. एक चुकलंय पण. तुम्ही त्याला कुठं खेळवणार ते लिहिलं नाही. मी लेफ्ट बॅक हुतो, पण पहिल्या दिवशी तिथं कोण उभं करतंय? नवीन आलेल्याला सगळी गोलीत उभं करत्यात.

करवीरकाठ

मग गोलीतच उभा करतो.